पाटाच्या वर, पाटाच्या खाली

"सात पिढ्यांची नावं मिळाली. आता पुढं काय?"

हा प्रश्न अलीकडे फार ऐकू येतो. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि तहसील कचेऱ्यांतले जे रुमाल वर्षानुवर्षं कुणी सोडले नव्हते, ते सुटले. मोडी वाचणाऱ्याला एकाएकी मान आला. खापरपणजोबांचं नाव ज्या घरात कुणाला माहीत नव्हतं, तिथं ते मोबाइलवर फोटो काढून फिरू लागलं. दाखल्यापुरतं काम झालं की बहुतेक जण थांबतात. पण घरटी एखाद्याला चटक लागते. हे प्रकरण त्याच्यासाठी आहे.

नावांची नुसती यादी ही आहेराच्या वहीसारखी असते. अमक्यानं पाच रुपये, तमक्यानं एक पातेलं. वही खरी असते, पण लग्न कुठल्या साली झालं, त्या साली पाऊस होता का, पाच रुपयांत तेव्हा काय येत होतं, हे कळल्याशिवाय त्या पाच रुपयांत मन मोठं होतं की हात आखडता होता, ते समजत नाही. वंशावळीचंही तेच. नाव कागदातून मिळतं. त्या माणसानं गाव का सोडलं, जमीन का विकली, दुसरं लग्न का केलं, याचं उत्तर त्याच्या भोवती काय चाललं होतं त्यात असतं.

उदाहरणासाठी सोमेश्वरनगर घेऊ. बारामती तालुक्याच्या पश्चिमेला, नीरेच्या उत्तर काठावरचा हा परिसर. इथली धूळ, दप्तर आणि ऊस तिन्ही भरपूर.

१. आधी गावाचं वय विचारा

समजा, घरातल्या एका वहीत लिहिलं आहे : "पणजोबा, जन्म १९०८, सोमेश्वरनगर." ही नोंद चूक आहे, आणि ती ओळखायला कुठलाही जुना कागद लागत नाही. सोमेश्वरनगर हे नाव सहकारी साखर कारखान्याबरोबर आलं, म्हणजे १९६० च्या दशकात. करंज्याच्या सोमेश्वराच्या देवळावरून कारखान्याला नाव मिळालं आणि कारखान्यावरून वस्तीला. १९०८ साली सोमेश्वर होता, श्रावणातली यात्रा होती, नगर नव्हतं.

म्हणजे वहीतलं खोटं ठरलं का? तसंही नाही. ती लिहिणाऱ्यानं आपल्या काळचा पत्ता आजोबांच्या बापाला लावला, एवढंच. पणजोबांचा शोध करंजे, वाघळवाडी, वाणेवाडी, निंबुत, मुरूम अशा जुन्या गावांच्या दप्तरात घ्यायचा.

शेजारच्या इंदापूर तालुक्यात वालचंदनगरचं असंच आहे. १९३२ मध्ये सरकारनं देशी साखरेला जकातीचं संरक्षण दिलं, त्याच सुमारास वालचंद हिराचंद यांनी तिथं कारखाना काढला आणि माळरानावर गाव उभं राहिलं. "आमचं मूळ गाव वालचंदनगर" असं कुणी म्हणालं तर हसू नका. पुढचा प्रश्न विचारा : "त्याआधी?"

याच्या उलट तऱ्हा उजनीची. १९८० च्या सुमारास भीमेवरचं हे धरण पुरं झालं आणि इंदापूर तालुक्यातल्या काठच्या कितीतरी वस्त्या पाण्याखाली गेल्या. पळसदेवचं जुनं देऊळ उन्हाळ्यात पाणी हटलं की अजून डोकं वर काढतं. अशा घरांच्या बाबतीत नाव तेच राहतं, जागा बदलते. आजी ज्या ओट्याबद्दल बोलते तो नव्या पळसदेवला शोधून सापडायचा नाही.

२. दप्तर सुरू झालं, घराणं नव्हे

इंदापूरच्या लोकांना एक गोष्ट अभिमानानं सांगता येईल, पण सहसा कुणी सांगत नाही. मुंबई इलाख्यातल्या जमीनमोजणीची जी पद्धत पुढं सगळीकडे गेली, तिची सुरुवात इंदापुरात झाली. आधी प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्यानं एक मोजणी केली होती. हिशेब कागदावर फार बारीक, पण सारा इतका जड बसला की जमिनी पडीक पडल्या आणि कुळं मुलूख सोडून चालती झाली. मग १८३५ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर नव्यानं मोजायला घेतलं. पुढच्या वर्षी तीस वर्षांसाठी कमी दराचा सारा लागू झाला. शेताला सर्व्हे नंबर आला आणि नंबरापुढं खातेदाराचं नाव.

आता समजा, तुमच्या घराण्याची सर्वांत जुनी नोंद या मोजणीतली आहे. तेवढ्यावरून "आमचे पूर्वज १८३६ साली इथं आले" असं म्हणता येत नाही. घराच्या भिंतीवर ज्या दिवशी घड्याळ लावलं, त्या दिवशी काळ सुरू झाला म्हणण्यासारखं ते होईल. खातेदार आधीपासूनचा मिरासदार असेल, म्हणजे जमिनीवर पिढीजात हक्क असलेला. किंवा उपरी असेल, म्हणजे बाहेरून येऊन सालासालाच्या बोलीनं कसणारा. किंवा प्रिंगलच्या साऱ्यानं पळालेलाच दर उतरल्यावर परत आला असेल. तिन्ही शक्यता खुल्या ठेवायच्या आणि मग त्यांतली एकेक तपासायची. त्या आधीचे कागद पाहायचे असतील तर पुण्याचं पुराभिलेखागार आहे, पेशवे दफ्तर तिथंच आहे. खाजगी घराण्यांच्या कागदांसाठी १९१० साली स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ आहे.

तिथं गेलात तर नाव "अमका बिन तमका" असं येईल. बिन म्हणजे मुलगा. आडनाव बहुधा नसेलच, हुद्दा असेल : पाटील, कुलकर्णी, चौगुला. एकाच गावात "राणोजी बिन तुकोजी" तीन निघतात, कारण नातवाला आजाचं नाव ठेवायची चाल. त्यामुळे नाव जुळलं म्हणून नाचायचं नाही. नाव, बापाचं नाव, गाव आणि शेताची चतुःसीमा अशी चारही जुळली तर चहा मागवा.

३. सनाचा घोळ

जुन्या कागदातला सन आपल्या कॅलेंडरातला नसतो. शकात ७८ मिळवा. फसलीत ५९० मिळवा. सुहूर सनात ५९९. हे आकडे ढोबळ आहेत, कारण ती वर्षं जानेवारीत सुरू होत नाहीत. शक पाडव्याला बदलतो, फसली आणि सुहूर मृगाच्या सुमाराला. म्हणून शके १७९८ म्हणजे १८७६-७७, फसली १३०० म्हणजे १८९०-९१.

पेशवाईतला कारकून सुहूर सन आकड्यात न लिहिता अरबी शब्दांत लिहायचा. "इहिदे मयातैन व अलफ" हा मंत्र नव्हे. एक, दोनशे आणि हजार : १२०१. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १८००. एवढं आलं की निम्मी भीती जाते.

४. पाट आला

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. या भागातलं कुठलंही घर घ्या, त्याच्या इतिहासात एक रेघ असते. रेघेचं नाव नीरा डावा कालवा. लोक त्याला पाट म्हणतात.

१८७६ साली पाऊस गेला. शके १७९८, धाता संवत्सर. दख्खनवर दोन वर्षं दुष्काळ बसला. सरकारनं खडी फोडणं, रस्ते, तळी, कालवे अशी कामं काढली, आणि नीरेचा कालवा त्या दिवसांतल्या कामांतला. सरकारनं दुष्काळाच्या पाहणीला पाठवलेल्या सर रिचर्ड टेंपलनं मजुरीचं प्रमाण दिवसाला एक पौंड धान्यावर आणलं, तेव्हा इलाख्यातले हजारो मजूर १८७७ मध्ये काम सोडून उठून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्यांची बाजू घेतली. तेव्हा घरात जर अशी आठवण असेल की "आमचा म्हातारा पाटाच्या कामावर होता आणि भांडून निघाला", तर ती थट्टेवारी नेऊ नका. आठवणीमागं ठोस घटना असायची शक्यता आहे.

१८८५ च्या सुमारास पाटाला पाणी सुटलं, पुढं काही वर्षांत भाटघरचं धरण पुरं झालं. पाट उताराच्या कडेकडेनं जातो, म्हणून त्याचं पाणी एकाच बाजूला उतरतं, नदीकडे. पाटाच्या खाली बागायत, वर जिरायत. एका रेघेनं गावाची दोन गावं केली. दोघा भावांच्या वाटण्या पाट यायच्या आधी झालेल्या असल्या, तर वाटणीच्या दिवशी बरोबरीत असलेली दोन घरं वीस वर्षांत ओळखू येईनाशी व्हायची. खालच्याच्या दारात गुऱ्हाळ, वरचा बाजरीच्या एका पावसाकडे डोळे लावून. पुढच्या पिढीत सोयरिकी जुळताना पहिला प्रश्न व्हायचा, "रान पाटाच्या वर का खाली?" भावकी दुरावल्याचं कारण घरात "धाकटीच्या जिभेमुळं" असं सांगितलं जात असेल. असेलही. पण गावचा नकाशा उघडून दोन्ही भावांच्या रानांच्या मधून पाट जातो का, तेवढं पाहा.

पाणी आलं तसे बाहेरचे लोक आले. यात सासवडचे माळी सर्वांत पुढं. ऊस कसा करायचा हे त्यांना माहीत होतं, इथल्या जिरायतदाराला नव्हतं. त्यांनी खंडानं जमिनी घेतल्या, पुंड्या ऊस लावला, गूळ केला. पुढं गोदावरी आणि प्रवरेचे कालवे आले तशी त्यांतली कितीतरी घरं कोपरगाव-बेलापूरकडे सरकली, आणि १९३० च्या दशकात अकलूजजवळ माळीनगरला त्यांनी स्वतःचा साखर कारखाना उभा केला. म्हणून एखाद्या कुटुंबाच्या वंशावळीत सासवड, निंबुत, बेलापूर, माळीनगर अशी चार गावं एकाखाली एक आली, तर "भटकं घराणं" अशी नोंद करू नये. कालव्यांचा नकाशा समोर ठेवला की मार्ग सरळ आहे. ही माणसं पाण्याच्या तोंडाशी जात होती.

मग काही घरांनी मिळालेली बागायत जमीन का विकली? इथं हमखास ऐकू येणारं उत्तर "आजोबांना नाद होता" असं असतं. नाद होता की नाही ते देव जाणे, पण पाणी भरपूर आणि निचरा नाही म्हटल्यावर नीरेच्या खोऱ्यात जमिनी खारवट आणि पाणथळ व्हायला लागल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच हे इतकं वाढलं होतं की पुण्याच्या शेतकी कॉलेजातले हॅरल्ड मान आणि त्यांचे सहकारी तम्हाणे यांनी तो विषय हाती घेतला, आणि त्यांचा नीरा खोऱ्यातल्या खाऱ्या जमिनींवरचा अभ्यास १९१० मध्ये छापला गेला आहे. खरेदीखत त्या आगेमागे असेल आणि भाव शेजारच्या रानापेक्षा फारच कमी असेल, तर आजोबांवरचा आरोप जरा बाजूला ठेवून मातीकडे बघायला हरकत नाही.

उसाच्या जातीवरूनही साल काढता येतं. पुंड्या हा जुना, जाड, रसाळ ऊस. १९३० नंतर पीओजे २८७८ आणि मग को ४१९ आला आणि पुंड्या मागं पडला. को ७४० त्यानंतरचा, आणि को ८६०३२, म्हणजे 'नीरा', हा तर कालपरवाचा, १९९० च्या दशकातला. म्हातारा माणूस साल विसरतो, उसाची जात विसरत नाही. "मी सून होऊन आले तवा चारशे एकोणीस होता रानात" असं आजी म्हणाली, की तिचं लग्न कुठल्या वीस-पंचवीस वर्षांत बसतं ते कळलं. जातींची ही नावं पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रामुळं इथल्या लोकांच्या तोंडी आहेत; केंद्र नदीच्या पल्याडच आहे.

५. सुप्याचा बाजार

१२ मे १८७५. सुप्याचा आठवडी बाजार. भोवतालच्या गावांतले शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांच्या दुकानांवर हल्ला केला. मागणी एकच, कर्जरोखे द्या. कागद हाती आले ते जाळले. तिथून लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावांत गेलं. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात, आणि सुपे हे बारामती तालुक्यातलंच गाव.

कारणांची साखळी लांबची आहे. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी चालली, तिकडचा कापूस थांबला, इकडे भाव चढले आणि सावकारानं हात सैल सोडून कर्ज दिलं. यादवी संपली, भाव पडले, सावकारानं हात आवळला. त्यात पहिल्या मोजणीची तीस वर्षं सरली आणि फेरमोजणीत सारा वाढला. इंदापुरात ती १८६७ मध्ये झाली. चौकशीसाठी आयोग बसला आणि १८७९ मध्ये शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं थांबलं, आणि रोखे ग्रामनिबंधकापुढं नोंदवायची सक्ती झाली.

वंशावळ शोधणाऱ्याला शेवटचा मुद्दा सोन्याचा. १८७९ च्या आधी रोखा सावकाराच्या पेटीत, आणि ती पेटी कदाचित सुप्याच्या बाजारात जळालेली. नंतरच्या रोख्यांची दप्तरी नोंद. म्हणून "आमची जमीन सावकारानं गिळली" या घरोघरच्या गोष्टीचा पुरावा १८७० सालचा मागाल तर मिळणं कठीण, १८८५ चा मागाल तर आशा आहे.

मात्र गोष्ट जशीच्या तशी उचलू नका. कित्येक खतं नावाला विक्रीची आणि मनात गहाणाची असत : पैसे फिटले की जमीन परत, हा शब्द तोंडी. शब्द मोडला की घरात पिढ्यान्‌पिढ्या एक खलनायक राहतो. सावकाराच्या पणतूकडंही वही असते, आणि तिच्यात आपला पणजोबा बुडव्या म्हणून असतो. दोन्ही वह्या शेजारी ठेवायला मिळाल्या तर भाग्य.

६. सातबाऱ्यावरची तीन अक्षरं

१९०३ च्या कायद्यानं हक्कनोंद सुरू झाली आणि फेरफाराचं पुस्तक आलं. जमिनीचा मालक बदलला, का बदलला, वारस कोण, हे त्यात एकेका नोंदीत असतं. माझ्या मते घराण्याच्या इतिहासाचा याहून चांगला कागद नाही. लोक सातबारा काढून थांबतात. सातबारा म्हणजे आजचा फोटो. फेरफार म्हणजे अल्बम.

एक काल्पनिक नोंद घेऊ. १९१९ सालचा फेरफार : खातेदार मयत, वारस दोन मुलगे, वय सात आणि चार, "अ.पा.क. आई". अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालन कर्ता. वारस लहान म्हणून आई त्यांच्या वतीनं. नुसतं वाचलं तर एवढंच कळतं की बाप तरुणपणी गेला.

आता भोवतालचा काळ लावू. १९१८ च्या शेवटच्या महिन्यांत इन्फ्लुएंझाची साथ आली. हिंदुस्थानात तिनं सव्वा ते पावणेदोन कोटींच्या आसपास माणसं नेली असा अंदाज आहे, आणि तिची खोड अशी की म्हातारी-पोरं सोडून ती कर्त्या माणसांवर झडप घालायची. त्याच साली पाऊसही बुडाला होता. वीस ते चाळीस वयाचा बाप, १९१८ चा शेवट, ही जोडी दिसली की संशय घ्यावा. लगेच खात्री मात्र धरू नये. गाव नमुना १४ काढावा, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात. जन्म-मृत्यूची नोंद त्यात. कारणाच्या रकान्यात "ताप" असेल आणि त्याच पानावर, त्याच पंधरवड्यात, आणखी दहा-बारा "ताप" असतील, तर झालं. एका माणसाचं मरण गावाच्या मरणात बसलं.

दुसरी शक्यता लढाईची. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात होत्या, ११० वी आणि ११७ वी तर कुत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकल्या आणि एप्रिल १९१६ मध्ये शरण गेल्या. पश्चिम महाराष्ट्रात अनेक गावांत चावडीच्या किंवा देवळाच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी असते : या गावातून इतके लोक महायुद्धाला गेले, पैकी इतके कामी आले. पाटीवर फक्त आकडे असतात, नावं नसतात. पाटीपुढं रोज बसणाऱ्या माणसाला तो आकडा आपल्या घरातला आहे का, हे माहीत नसतं.

आणखी एक खूण. सातबाऱ्याच्या इतर हक्कात "कु.का.क. ३२ ग" किंवा "कलम ४३ च्या बंधनास पात्र" असं काही दिसलं, तर ते घर कूळ होतं. कूळकायद्यानं १ एप्रिल १९५७ या दिवशी कसणाऱ्याला मालक मानलं. मालकाच्या बाजूनं पाहिलं तर तीच नोंद गाव सुटल्याची असू शकते. त्यातही कुलकर्ण्यांचं वतन १९५१ मध्ये गेलं होतं आणि १९४८ मध्ये गांधीजींच्या खुनानंतर खेड्यांतली ब्राह्मणांची घरं जळाली होती. पुण्यातल्या एखाद्या कुटुंबाच्या तोंडी "आम्ही मूळचे नीरेकाठचे" एवढंच वाक्य उरलेलं असतं. ते वाक्य या तीन सालांपैकी कुठल्या सालाशी अडकलं आहे, ते पाहायचं.

७. नदीपल्याडचं आजोळ

आईकडचा शोध लोक पाच मिनिटांत सोडतात. कारण सांगतात की "तिकडचं काही मिळत नाही." सोमेश्वरनगरच्या बाबतीत याचं कारण नीरा नदी आहे.

अलीकडचा काठ १८१८ पासून इंग्रजांचा पुणे जिल्हा. पलीकडे फलटण, निंबाळकरांचं संस्थान, ते विलीन झालं १९४८ मध्ये. त्याच्या वर खंडाळ्याकडचा भाग सातारच्या छत्रपतींकडे होता, तो १८४८ मध्ये राज्य खालसा झालं तेव्हा इंग्रजांकडे आला. पोर होडीत बसून आजोळी जाई, तेव्हा ती दुसऱ्या राज्यात जाई. पुणे जिल्ह्याच्या दप्तरात आजीचं माहेर शोधून सापडणार कसं?

त्यात गावांच्या नावांची गंमत. मुरूम या काठाला आहे आणि त्या काठालाही. होळही दोन्हीकडे. होळकर हे आडनाव नीरेकाठच्या होळ गावावरून आलं हे सगळ्यांना माहीत असतं, कुठल्या होळवरून यावर मात्र पारावर वाद रंगतो. आपल्या कागदात "मौजे मुरूम" एवढंच असेल, तर पुढचे शब्द बघा : परगणा कोणता, तर्फ कोणती. परगणे सुपे असेल तर अलीकडे, फलटण असेल तर पलीकडे. पत्त्याचा हा शेपटाचा भाग लोक कंटाळून गाळतात आणि चुकीच्या गावात महिना घालवतात.

८. "कधी" असं विचारू नये

कागद झाले, माणसं राहिली. म्हाताऱ्या माणसाला "कधी?" विचारलं की ते अंदाजे काहीतरी सांगून मोकळं होतं. "तेव्हा काय चाललं होतं?" विचारलं की बोलायला लागतं. पानशेत फुटलं तेव्हा थोरला रांगत होता (१२ जुलै १९६१). कोयनेचा हादरा बसला त्या पहाटे ती बाळंतीण होती (११ डिसेंबर १९६७). लाल मिलो आणि सुकडी खाल्ली म्हणजे बहात्तरचा दुष्काळ. कारखान्याची पहिली मोळी पडली तेव्हा धाकटा दीर शाळेत होता. अशा चार-पाच खुंट्या मिळाल्या की घरातल्या सगळ्यांची वयं त्यांना टांगता येतात.

शाळेच्या दाखल्यावरची तारीख त्यापेक्षा जास्त खरी मानू नका. १ जून जन्मतारीख असलेले आजोबा महाराष्ट्रात घरोघर आहेत. त्या दिवशी इतकी मुलं जन्मली नव्हती. मास्तरांनी पोराकडे बघून वय ठरवलं आणि शाळा सुरू व्हायच्या बेताची तारीख टाकली. साल एखाद-दोन वर्षांनी इकडंतिकडं असतं.

९. कोपीत जन्मलेलं पोर

आतापर्यंत ज्यांची चर्चा केली त्यांच्याजवळ निदान जमीन होती, म्हणून दप्तर होतं. पण सोमेश्वरनगरला दर साली कारखाना सुरू व्हायच्या बेताला बीड-नगरकडून टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल, फडाजवळ पाचटाची कोपी. पाच-सहा महिने राहायचं आणि पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की परत. या माणसांचं इथल्या कुठल्या सातबाऱ्यावर नाव नाही. गावी असलं तर असतं, तेही दोन-चार एकर कोरडवाहू. इथल्या उसाचा इतिहास लिहिताना त्यांचा उल्लेख "मजूर" या एका शब्दात होतो, ही आपल्या लिहिणाऱ्यांची लाजिरवाणी सवय आहे.

त्यांच्या मुलांनी शोध कुठून सुरू करायचा? जन्माची नोंद जिथं जन्म झाला तिथं होते, मूळ गावी नव्हे. १९६९ च्या कायद्यात तसंच आहे. म्हणजे बीडच्या गावात नोंद नाही म्हणून हात टेकायचे नाहीत. त्या हंगामात टोळी कुठल्या कारखान्याला होती ते विचारून, कोपी ज्या गावच्या शिवारात होती त्या ग्रामपंचायतीचं रजिस्टर पाहायचं.

आणि ते साल, तो महिना? तेही काढता येतं. समजा, दाखल्यावर १ जून १९८३ आहे. आई म्हणते, "बहात्तरच्या दुष्काळात मी पोरगी होते, लग्न झाल्यावर दुसऱ्या पट्टीला हा झाला. सोमेसरला होतो. मोळी टाकून महिना झाला असंल, संक्रांत व्हायची होती. कोपीच्या म्होरं पाट वाहत होता." पट्टी म्हणजे हंगाम. मोळी पडते, म्हणजे गाळप सुरू होतं, दिवाळीच्या आगेमागे, संक्रांत जानेवारीच्या मध्याला. म्हणजे नोव्हेंबरअखेर ते जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यातला जन्म. जून नाहीच. आधी १९८२-८३ च्या हंगामाचं रजिस्टर, मग अलीकडचा आणि पलीकडचा एकेक हंगाम. आणि कोपीसमोर पाट होता, म्हणजे पाटाकाठच्या गावांची रजिस्टरं आधी मागवायची : करंजेपूल, वाघळवाडी, वाणेवाडी, मुरूम.